मशीन चालतं हीच तक्रार

बबडीला संवादशास्त्रात सुवर्णपदक मिळालं, तेव्हा तिच्या आत्याने सगळ्या इमारतीला जिन्यात गाठून गाठून सांगितलं. संवादशास्त्र म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तर आत्या म्हणायची, "बोलण्याचं शास्त्र हो! आपण नुसतंच बोलतो, ती शिकून बोलते."

अडचण एवढीच होती, की बबडी बोलायची नाही. म्हणजे घरात बोलायची. मैत्रिणींशी तर दिवसभर बोलायची, पण बोटांनी. फोन ही तिच्या लेखी बघायची आणि टाइप करायची वस्तू होती. तो वाजायला लागला की ती दचकून तो पालथा घालायची, आणि वाजायचा थांबला की लिहून पाठवायची, 'काय काम होतं?' अनोळखी माणसाशी फोनवर बोलायची वेळ तिच्यावर आयुष्यात आली नव्हती. तिच्या प्रबंधात मात्र दूरध्वनीवरच्या संवादावर एक अख्खं प्रकरण होतं आणि परीक्षकांनी त्यावर 'उत्कृष्ट' असा शेरा मारला होता.

वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीला तक्रार विभागासाठी 'उत्तम संवादकौशल्य असलेला उमेदवार' हवा होता. मुलाखतीत बबडीने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत 'ऐकण्याचे सात थर' समजावून सांगितले. विभागाचे साहेब, म्हणजे कायम पेपरमिंट चघळणारे एक जाडजूड गृहस्थ, तिसऱ्या थरापर्यंत जागे होते. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी मात्र सातही थर लिहून घेतले, आणि बबडीची निवड झाली.

पहिल्या दिवशी तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं. टेबलावर वायरवाला, काळा, चांगला बसक्या मांजराएवढा फोन होता. बबडी खुर्चीत टेकली आणि तो वाजला.

बबडीने त्याच्याकडे पाहिलं. तो वाजतच राहिला.

"उचला," शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या. लोकांच्या तक्रारी ऐकता ऐकता या बाईंचे केस पांढरे झाले होते.

"हो, उचलते," असं म्हणून बबडीने पेन उचललं.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. फोन वाजला की तिला तहान लागायची. पाणी पिऊन आली की पाणी प्यायल्याचे परिणाम व्हायचे. स्टेपलर टेबलाखाली पडायचा आणि फोन थांबेपर्यंत सापडायचा नाही. एकदाच तिने डोळे मिटून रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून एक बाई "हॅलो, हॅलो" करत होत्या. बबडीच्या घशातून न वंगणलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला. बाई म्हणाल्या, "आधी तुमचा फोन दुरुस्त करा, मग माझ्या मशीनकडे या!" आणि फोन आपटला.

शनिवारी संध्याकाळी जेवताना तिने ताट पुढे सरकवलं. "मला फोन उचलता येत नाही."

"जड आहे का?" बाबांनी कुजबुजत विचारलं. बाबांचा सगळा जन्म ग्रंथालयात गेला होता. त्यांचा आवाज कुजबुजीच्या वर जातच नसे.

"जड नाही हो. त्यात माणसं असतात."

आईने घास तसाच ठेवला. आई शाळेत व्यायामाची शिक्षिका. जमत नाही हा शब्द ती शाळेत कुणाला उच्चारू देत नसे, मग घरात कुठला? "सराव केला नाहीस म्हणून," ती म्हणाली. "उद्यापासून सराव. आम्ही सगळे गिऱ्हाईक. तू आत जा, आम्ही बाहेरून फोन करतो."

रविवारी सकाळी बबडीला बेडरूममध्ये बसवलं आणि पहिला फोन आईने केला.

"नाव सांगा! पत्ता सांगा! बिघाड काय, पटपट बोला!"

"आई, हे सगळं मी विचारायचं. तू गिऱ्हाईक आहेस."

"मग विचार ना! आणि पाठ सरळ ठेव, मला इथे ऐकू येतंय वाकलेलं!"

मग बाबा. त्यांना संतापलेलं गिऱ्हाईक व्हायचं होतं. त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, चष्मा काढला, आणि बराच वेळ नुसताच श्वास ऐकू आला.

"बाबा, काही ऐकू येत नाहीये."

"मी अत्यंत संतापलो आहे," बाबा कुजबुजले.

"जरा मोठ्याने संतापा."

"नको गं. कुणी वाचत बसलं असेल."

तिसरा फोन आत्याचा. ही बाबांची थोरली बहीण, राहायची त्यांच्याकडेच. नाक्यावर तिचं लोकरीचं दुकान होतं. लोकरीचा एक गुंडा विकताना गिऱ्हाइकाच्या घरातलं निदान एक भांडण मिटवल्याशिवाय ती त्याला सोडत नसे. गुडघे बोलायला लागले तसं दुकान बंद झालं आणि आत्याची बोलती दुनिया जिन्यापुरती उरली. जिन्यातले लोक तर सदा घाईत. आज कुणीतरी आपण होऊन आपल्याला बोलायला सांगतंय म्हटल्यावर ती मोबाईल घेऊन गॅलरीत ऐसपैस बसली.

"हॅलो. ओळखलंस का?"

"कोण बोलतंय?" बबडी म्हणाली.

"नाहीच ओळखलंस ना? मशीन घ्यायचं होतं तेव्हा दिवसातून दहा फोन करत होतात. आता काय, आता मी कोण लागते तुमची!" आणि आत्या रडायला लागली. चांगली हुंदके देऊन.

बबडी घाबरली. "अहो, रडू नका. झालं काय?"

मग आत्याच्या पोतडीतून एक परदेशी गेलेला नवरा निघाला, एक आगाऊ सून निघाली, आणि त्या सुनेने मशीनमध्ये कोंबलेला एक स्वेटर निघाला, जो बाहेर आला तेव्हा फक्त बाहुलीला बसत होता. बबडीने सुनेची चौकशी केली, स्वेटरचं दुःख वाटून घेतलं, लोकरीसाठी मशीनवर कुठलं बटण फिरवायचं तेही सांगितलं. कंपनीचं माहितीपत्रक तिला तोंडपाठ होतं. पाठांतरात तिचा हात कुणी धरला नसता.

"जमलं की!" आई दारातून ओरडली.

"आत्याशी जमलं," बबडी म्हणाली. "उद्या फोनवर आत्या थोडीच असणार आहे?"

आत्या काही बोलली नाही. ती गप्प बसली याचाच खरं तर घरच्यांना संशय यायला हवा होता.

सोमवारी बबडीचा फोन वाजला. मॅडम इतक्या रोखून बघत होत्या, की पेन उचलायचीही सोय नव्हती. तिने रिसीव्हर उचलला.

"मला सुवर्णपदकवाल्या मुलीशीच बोलायचंय," नाकातून एक भारदस्त आवाज आला. "मी कर्नलची बायको बोलतेय. आमच्या मशीनमधून, बाई गं, इतका फेस येतो, की कर्नलसाहेब दोनदा दिसेनासे झाले."

ते 'बाई गं' बबडीने बरोबर ओळखलं. "आत्या?" ती हळूच म्हणाली.

"कोण आत्या? कर्नलीणबाई म्हणा!"

बबडीला हसू फुटलं. तिने कर्नलीणबाईंना साबणाची पावडर कमी घालायला सांगितली आणि कर्नलसाहेबांची तब्येत विचारली. मॅडमनी पहिल्यांदाच तिच्याकडे बघून मान डोलावली.

त्यानंतर आत्याचे फोन रोज येऊ लागले. कधी ती दातांची डॉक्टर असायची, कधी जुळ्या मुलांची वैतागलेली आई, कधी सगळ्यांवर खटले भरणारी वकीलबाई. फोन वाजला की आज आत्या कोण झाली असेल, या उत्सुकतेने बबडी झडप घालायची. एके दुपारी जाडाभरडा आवाज आला. "हॅलो. आमच्या मशीनमध्ये पाणी साठून राहतं."

"वा!" बबडी खुश झाली. "आज पुरुष! आणि सर्दीचा आवाज तर अगदी खरा."

पलीकडून एक शिंक आली. "सर्दी खरीच आहे."

"असणारच. गॅलरीत बसू नकोस म्हटलं तर ऐकतेस कुठे? वाफ घेतलीस का?"

"नाही... घेऊ?"

"घे. आणि आता मागची नळी कुठे वाकलीय का बघ. पण बेतानं वाक, गुडघे सांभाळ."

पलीकडे बरीच खुडबुड झाली. कण्हणंही ऐकू आलं. "वाकली होती," आवाज परत आला. "सरळ केली. गेलं पाणी. फार आभार. पण बाई, माझ्या गुडघ्यांचं तुम्हाला कसं कळलं?"

बबडी उत्तर देणार तेवढ्यात तिच्या पर्समधला मोबाईल चमकला. आत्याचा निरोप होता. 'मघापासून झोपले होते गं. आता उठून फोन करते.'

बबडीने तो निरोप दोनदा वाचला. कानाला लावलेल्या या गृहस्थांना ती कधी भेटली नव्हती, आणि आत्ताच तिने त्यांना 'ऐकतेस कुठे' म्हणून दटावलं होतं. "अंदाज हो, अंदाज," ती कशीबशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तो ठेवल्या ठेवल्या पुन्हा वाजला. आत्या असेल म्हणून तिने उचलला, तर निघाले एक आजोबा. पण तोवर तिचं 'बोला' म्हणून झालं होतं. आता माघार घ्यायची कुठे? आजोबांनाही तिने वाफ घ्यायला सांगितली.

तेव्हापासून तिने मनाशी पक्कं केलं. फोनवर येईल ती आत्याच. आत्या समजून ती सगळ्यांशी बोलू लागली. लोकांनाही ते आवडलं असावं, कारण काही जण मशीन नीट झाल्यावरही फोन करायला लागले.

सगळं सुरळीत होत असताना बबडी एक दिवस जेवायला गेली, आणि नेमका तेव्हाच आत्याचा फोन मॅडमनी उचलला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. तिथे कंपनीचा इंजिनियरही होता. तो पहिल्या वर्गात पहिला आलेला, हुशार, उमदा तरुण. मशीनचा प्रत्येक स्क्रू त्याला संगणकावर पाठ होता. ओलं मशीन मात्र त्याने अजून पाहिलं नव्हतं.

"कालची एक तक्रार ऐका," साहेब म्हणाले आणि त्यांनी ध्वनिमुद्रण लावलं.

"मशीन चालतंय का?" मॅडमचा आवाज.

"चालतंय! उत्तम चालतंय!" दुसरा आवाज ऐकून बबडीने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मग तक्रार काय?"

"अहो, चालतंय हीच तक्रार आहे! काल बाथरूममधून निघालं, ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं."

"म्हणजे सरकतं?"

"सरकतं कसलं? चालतं! मध्ये उंबरठा आहे, तो ओलांडला."

"एकटंच?"

"एकटंच. मी आपली मागोमाग. माझे कपडे होते ना आत!"

"मग थांबवलं नाहीत?"

"हाक मारली. वळूनसुद्धा पाहिलं नाही."

मग मॅडमनी पत्ता विचारला आणि आत्याने बोलण्याच्या भरात तो बिनचूक सांगितला, इमारतीचा, मजल्याचा, दाराला कुठला रंग आहे त्याच्यासकट. साहेबांनी ध्वनिमुद्रण बंद केलं. इंजिनियर फळ्याकडे धावला होता. "फिरताना कपड्यांचा गोळा एका बाजूला आला, तर उचल मिळते," तो बाण काढत म्हणाला. "उंबरठा ओलांडला म्हणजे उचल प्रचंड आहे! हे जगात कुणी नोंदवलेलं नाही!"

"उद्या जाऊन बघू," साहेब म्हणाले आणि त्यांनी दाढेखाली पेपरमिंट कडकन फोडली.

त्याच क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं. बबडीने तोंड उघडलंही. पण ऐकण्याच्या सात थरांमधला एकही मदतीला आला नाही.

घरी आल्यावर तिने आत्यापुढे कपाळाला हात लावला. आत्या मात्र उजळली. "येऊ देत की! किती दिवसांत कुणी आलं नाही आपल्याकडे."

"पण वन्सं," आई म्हणाली, "दाखवणार काय त्यांना? आपल्याकडे मशीन कुठे आहे?"

हे खरं होतं. त्यांचे कपडे कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जायचे. बाबांनी कुजबुजत सुचवलं, की आपण सगळेच गावाला जाऊ या. आत्याने त्यांना हाताने गप्प केलं. "मी बघते काय ते."

दुसऱ्या दिवशी साहेब, मोजपट्टी घेतलेला इंजिनियर आणि बबडी असे तिघं इमारतीत शिरले. साहेबांनी मुद्दाम तिला बरोबर घेतलं होतं, कारण गिऱ्हाइकांना तिचं बोलणं आवडतं. बबडीने वाटेत ठरवलं होतं, की घर आपलं नाहीच असं वागायचं. तिने खाली नावांची पाटी वाचली. "कितवा मजला बरं?" असंही विचारलं. जिना चढताना दोनदा चुकीच्या दाराशी थांबली. मग आपल्या दारापुढे आली, पर्समधून किल्ली काढली आणि रोजच्यासारखं दार उघडून चपला काढल्या.

साहेब त्या किल्लीकडे बघत राहिले.

"या, या!" आत्या ठेवणीतली साडी नेसून पुढे आली. "बबडे, पाणी आण गं. म्हणजे, ही कोण मुलगी? छान आहे हो. पाणी आणेल का ती?"

इंजिनियरचं यातल्या कशाकडेही लक्ष नव्हतं. तो बाथरूममध्ये डोकावून आला, स्वयंपाकघरात डोकावून आला, उंबरठा मोजून झाला. "काकू, मशीन कुठे आहे?"

"गेलं," आत्या म्हणाली.

"कुठे गेलं?"

"सांगून थोडंच जातंय? चालतं म्हणून मी कळवलं होतं की तुम्हाला. काल संध्याकाळी दार जरा उघडं राहिलं."

इंजिनियरने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे, आणि तो धाड धाड खाली पळाला.

खोलीत तिघंच उरली. साहेबांनी हळूच खुर्ची ओढून घेतली. बबडी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. यावेळी समोर वायर नव्हती, आत्याचं सोंगही नव्हतं, साक्षात साहेब होते. "सर, मशीन नाहीये," ती म्हणाली. "कधी नव्हतंच. ही माझी आत्या. मला फोन उचलायची भीती वाटायची, म्हणून ही फोन करायची. पहिला आठवडा मी स्टेपलरच शोधत होते. सुवर्णपदक खरं आहे, पण त्यात उचलायला शिकवत नाहीत. तुम्ही मला काढलंत तरी चालेल. हिला काही बोलू नका."

साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि ते आत्याकडे वळले. "ती फेसवाली कर्नलीणबाई?"

"मीच."

"दातांची डॉक्टर?"

"मीच हो."

साहेब जरा पुढे झुकले. "आणि जुळ्यांची आई?"

"ती माझी लाडकी," आत्या लाजून म्हणाली.

"माझीही. मी रोज संध्याकाळी ध्वनिमुद्रण ऐकत होतो. त्या धाकट्याने मशीनमध्ये चप्पल टाकली होती, त्याचं पुढे काय झालं?"

आत्याने पुढचं सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात इंजिनियर धापा टाकत वर आला. "रखवालदार म्हणतो, त्याने कुठलंही मशीन जाताना पाहिलं नाही. मागच्या फाटकाने गेलं असणार!" साहेबांनी त्याला जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी त्याला कारखान्यात, कपडे धुणाऱ्या खऱ्याखुऱ्या मशीनच्या शेजारी बसवलं. ते जागचं हललं नाही, म्हणून तो काही दिवस खट्टू होता.

बबडीची नोकरी गेली नाही. उलट साहेबांनी आपलंच रडगाणं लावलं. नवीन येणारा प्रत्येक जण पदवीधर, आणि फोन वाजला की प्रत्येक जण नाहीसा होतो. स्वच्छतागृहाबाहेर रांग लागते. "आत्याबाई," ते म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे या. या पोरांना फोन करा. रडा, ओरडा, खटला भरा, काय वाटेल ते करा."

आत्या एका पायावर तयार होती. मनुष्यबळ विभागातल्या बाई मात्र अडून बसल्या. "शिकवणाऱ्या व्यक्तीला संवादशास्त्रातली पदवी लागते. यांची पदवी कुठली?"

"लोकरीचं दुकान," आत्या म्हणाली.

संगणकात तशी पदवी नव्हती. साहेबांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी आत्याला 'प्रशिक्षण साहित्य' या सदरात बसवलं. साहित्याला पदवी लागत नाही. भांडारातला माणूस क्रमांकाची चिकटपट्टी घेऊन आला आणि ती आत्याला कुठे लावायची, या विचारात पडला. आत्याने उदारपणे पर्स पुढे केली. नोंद अशी झाली, की पंखा, फळा, आत्या.

पहिल्याच दिवशी तिला चार पदवीधर दिले. आत्या काचेच्या खोलीत फोन घेऊन बसली आणि तिने एकेकाला असं काही घोळात घेतलं, की एक मुलगा फोनवर गिऱ्हाइकाची माफी मागता मागता खुर्चीतून उठून उभा राहिला, आणि एका मुलीने तर कर्नलसाहेब सापडावेत म्हणून पोलिसांना कळवायची तयारी केली. दुपारी बबडीला मध्ये पडावं लागलं. "आत्या, जरा दमानं घे. नवीन आहेत."

"तू नवीन नव्हतीस?" आत्या म्हणाली. पण पुढच्याला तिने रडवलं नाही. त्याला फक्त त्याच्या आईच्या तब्येतीविषयी विचारलं आणि आपली तक्रार विसरून गेली. त्यानेच तिला आठवण करून दिली.

संध्याकाळी दोघी बसने घरी आल्या. आत्या सगळ्या प्रवासात एक अक्षर बोलली नाही. तिचा घसा पार बसला होता. जेवायला बसल्यावरही ती नुसती मान हलवत होती, आणि घराला काय करावं सुचेना. कारण या घरात जेवताना बोलायचं काम इतकी वर्षं तिच्याकडेच होतं. बाबा कुजबुजले, "ताई, बरं वाटत नाही का?" आईने पाठ सरळ करून आमटी वाढली. नुसता चमच्यांचा आवाज येत होता.

मग बबडीने घसा खाकरला. "आज काय झालं माहितेय," ती म्हणाली, आणि पंख्याच्या आणि फळ्याच्या खाली आत्याचं नाव कसं लिहिलं गेलं तिथपासून तिने सुरुवात केली. चुकलं तिथे आत्या बोट वर करायची, आणि बबडी म्हणायची, "थांब गं, मला सांगू दे."